मृत्युपत्र : धडधाकट असताना करावयाचे काम



या पानांवर आपण नेहमी लागण, खोडवा, हुमणी, खताची मात्रा आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी बोलतो. या अंकात आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. विषयाचे नाव वाचूनच काही मंडळी पान उलटतील, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही विनंती अशी की, एवढा लेख पुरता वाचावा, आणि जमल्यास घरात मोठ्याने वाचून दाखवावा.

मध्यंतरी एका गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. तेव्हा एक जुने सभासद उठून म्हणाले, "साहेब, मी काय एवढ्यात मरून राह्यलो काय? माह्यामागं पोट्टे पाहून घेतीन!" सगळी बैठक हसली. आम्हीही हसलो. पण हसताना आम्हांला एक घर आठवले. त्या घरचे पोट्टे आज काय पाहून घेत आहेत, ते आम्ही डोळ्यांनी बघितले आहे.

एका घराची गोष्ट

नाव-गाव सांगत नाही; सांगण्याचे कारणही नाही. मन नदीच्या अंगाला राहणारे आपले एक सभासद. शून्यातून वर आलेला माणूस. स्वतःच्या कमाईने नऊ एकर वावर घेतले, विहीर खोदली, बोअर मारली, पाइपलाइन टाकली आणि दोन एकरांत ऊस उभा केला. घरात म्हातारी आई, बायको, दोन मुलगे आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या दोन मुली. कर्ज वेळेवर फेडणारा, चार लोकांत मान असलेला माणूस. ऐन हंगामात एके दिवशी पहाटे छातीत कळ आली आणि अकोल्याला दवाखान्यात पोचण्याआधीच सगळे संपले.

तेरवी झाली. चौदाव्या दिवशी दोघे भाऊ बोलायला बसले. मोठा म्हणाला, बाबा मले ओट्यावर बसून सांगत होते, विहिरीचं वावर तुलेच ठेवतो. धाकटा म्हणाला, मलेही हेच सांगत होते. आमचा असा विश्वास आहे की दोघेही खरे बोलत होते. बापाने ज्याच्यावर ज्या दिवशी जीव आला, त्याला त्या दिवशी ते सांगितले. तोंडचा शब्द होता, तो ज्याच्या त्याच्या कानात राहिला.

त्यातून पुढे काय झाले? ऊसबिल मयताच्या नावे निघाले ते अडकले. पीककर्ज कोणी भरायचे यावर एकमत होईना, ते थकले. शेअरच्या कागदावर वारसदार म्हणून मोठ्याचे नाव होते. त्यामुळे शेअर, ठेव सगळे आपलेच, असे तो धरून चालला. धाकट्याने तलाठ्याकडे हरकत टाकली. मोटार कोणी चालू करायची यावर एका उन्हाळ्यात भांडण पोलीस पाटलापर्यंत गेले. मोटार बंद राहिली, आणि बापाने हाताने लावलेला ऊस पाण्यावाचून जाग्यावर वाळला. त्या वर्षी दिवाळीला बहिणी माहेरी आल्या नाहीत. बापाने मागे नऊ एकर ठेवले होते. पण चार ओळींचा कागद ठेवला नव्हता.

कागद नसेल तर कायदा वाटणी करतो

मृत्युपत्र केले नाही म्हणजे वाटणी होत नाही, असे नाही. मग वाटणी कायदा करतो, आणि कायद्याला तुमच्या घरचे काही माहीत नसते. कोणत्या मुलाने शाळा सोडून बैल हाकले, कोणत्या मुलीच्या लग्नात काय दिले, कोण आजारी, कोण नोकरीवर, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते.

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. त्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालमत्तेला आई, विधवा पत्नी, मुलगे आणि मुली हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस सारख्याच हिश्शाने येतात. वरच्या घरात आई, पत्नी, दोन मुलगे, दोन मुली मिळून सहा वारस. नऊ एकराचे सहा भाग, प्रत्येकी दीड एकर. इतपत हिशेब कोणालाही करता येतो. पण पुढे बघा. म्हातारीच्या वाट्याला दीड एकर आले. उद्या तीही कागद न करता गेली, तर तिच्या दीड एकरात तिची सगळी मुले वारस. म्हणजे मयताचे भाऊ आणि बहिणीदेखील त्या वावरात हिस्सेदार झाले. ज्या विहिरीला त्यांनी कधी हात लावला नाही, त्या विहिरीच्या सातबाऱ्यावर त्यांची नावे आली. यात कोणाची लबाडी नाही. कायदाच तसा आहे.

वडिलोपार्जित जमिनीचा प्रकार आणखी वेगळा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, त्या तारखेला वडील हयात असणे जरूर नाही. तेव्हा वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्राने फक्त स्वतःच्या हिश्शापुरते देता येते. मुलींचा जो हिस्सा आहे, तो बापाच्या कागदाने पुसत नाही. 'पोरीची सही घेऊन टाकू' असे म्हणत बसण्यापेक्षा तिच्या हक्काचा हिशेब बापाने जिवंतपणीच प्रामाणिकपणे मांडलेला बरा. स्वतः कमावलेली मालमत्ता मात्र आपण ज्याला द्यावीशी वाटेल त्याला मृत्युपत्राने देऊ शकतो.

लोकमान्यांनाही चुकले नाही

हा घोळ खेड्यातल्या अडाणीपणामुळे होतो, असे कोणी समजू नये. पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे ऑगस्ट १८९७ मध्ये एकाएकी आजारी पडले. लोकमान्य टिळक त्यांचे स्नेही. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. ७ ऑगस्ट रोजी, म्हणजे मृत्यूच्याच दिवशी, बाबा महाराजांचे मृत्युपत्र झाले. व्यवस्था पाहण्यासाठी जे विश्वस्त नेमले, त्यांत लोकमान्य होते आणि आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन दगावला, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे मृत्युपत्रात होते. मुलगा झाला, पण तो काही आठवड्यांतच गेला.

पुढे १९०१ साली तेव्हाच्या औरंगाबादेत विश्वस्तांच्या विचाराने दत्तकविधान झाले. नंतर ताई महाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापूरकडे दुसरा दत्तक घेतला. झाले, कोर्टाची पायरी चढावी लागली. दिवाणी दावे झाले, फौजदारी खटला झाला. मित्राला मरताना दिलेला शब्द पाळायला गेलेल्या टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा आरोप आला आणि १९०३ मध्ये त्यांना सक्तमजुरीची शिक्षा सुनावली गेली. १९०४ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरविले. दत्तकाचा वाद मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ साली टिळकांच्या बाजूने निकालात निघाला. मृत्युपत्र झाल्यापासून जवळजवळ अठरा वर्षे झाली होती! ताई महाराज निकालाच्या कितीतरी आधी वारल्या होत्या.

टिळक-खापर्ड्यांसारखे कायदा कोळून प्यालेले विश्वस्त असताना ही गत. यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, मृत्युपत्र अखेरच्या घटकेचे काम नव्हे. दुसरी, जो प्रश्न आपल्याला सोडविता येतो, तो मागच्यांच्या संमतीवर टांगून जाऊ नये.

कागद कसा करावा

आता कामाचे बोलू. मृत्युपत्र करणे सातबारा काढण्याइतकेच सोपे आहे. भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा आहे. त्याप्रमाणे करणारा अठरा वर्षे पूर्ण झालेला आणि शुद्धीवर असला पाहिजे. कागद साधा चालतो. स्टँप लागत नाही. भाषा आपली मराठी चालते. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि निदान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात. या दोन सह्या नसतील तर बाकी कागद कितीही सुंदर असो, त्याचा उपयोग नाही.

साक्षीदार निवडताना विचार करावा. पुढे वाद झालाच, तर मृत्युपत्र शाबीत करण्यासाठी निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभे राहावे लागते. म्हणून आपल्याहून वयाने लहान, गावात राहणारा आणि ज्याला त्या कागदातून काही मिळायचे नाही असा माणूस घ्यावा. सत्तरीचा मित्र साक्षीदार घेतला, तर तो आपल्याही आधी जायचा! करणारा निरक्षर असेल तर मजकूर त्याला वाचून दाखविला व समजला, असे कागदावर नमूद करावे. वय झालेले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे 'बुढ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं' असे म्हणायला कोणाला जागा राहत नाही.

नोंदणी सक्तीची नाही, पण करावी असा आमचा आग्रह आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ती होते. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर निबंधकांना घरी येण्याची विनंतीही करता येते. नोंदलेला कागद हरवत नाही आणि त्यावर संशय कमी येतो. ज्याला मजकूर गुप्त ठेवायचा आहे, त्याला बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय आहे. अकोला जिल्ह्यातील जमिनीच्या मृत्युपत्राला कोर्टाचे प्रोबेट सक्तीचे नाही, हेही लक्षात असावे.

पुष्कळांच्या मनात भीती असते की, एकदा लिहून दिले की पोरे विचारणार नाहीत. ही भीती बक्षीसपत्राला लागू आहे, मृत्युपत्राला नाही. बक्षीसपत्र केले की मालकी त्याच वेळी जाते. शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'ने हयातीतच सगळे मुलांना देऊन टाकले आणि पुढे त्याचे काय हाल झाले, ते आपण नाटकात पाहिले आहे. मृत्युपत्राचा अंमल आपण गेल्यावरच होतो. तोपर्यंत वावर आपले, सही आपली. विकावेसे वाटले तर विकता येते, मन बदलले तर कागद बदलता येतो. शेवटचा जो कागद, तोच खरा. म्हणून प्रत्येकावर तारीख घालावी आणि 'यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे' ही ओळ विसरू नये.

बागाईतदाराने काय लिहावे

'सर्व जमीन दोन्ही मुलांना समान' एवढे लिहून बागाईतदाराचे भागत नाही. जमीन फूटपट्टीने वाटता येते, पाणी तसे वाटता येत नाही. म्हणून आमची सूचना अशी की पुढील गोष्टी स्वच्छ लिहाव्यात :

१) गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, कोणता भाग कोणाला, धुरा कोठून.

२) विहीर आणि बोअर कोणाच्या हिश्शात, आणि दुसऱ्याला आठवड्यातील कोणते दिवस पाण्याची पाळी.

३) मोटार, वीजजोडणी, पाइपलाइन, ठिबकचा संच कोणाचा, दुरुस्तीचा खर्च कोणी किती करायचा.

४) बैलगाडी व ट्रॅक्टर जाण्याची वाट. आतल्या वावराला वाट नसेल तर ते वावर दिले काय, न दिले काय, सारखेच.

५) सोसायटीचे, बँकेचे आणि हातउसने कर्ज; ते कशातून फेडायचे. कर्ज माणसाबरोबर जळत नाही. मिळालेल्या मालमत्तेपुरते ते वारसांकडे येते.

६) राहते घर, आणि पत्नीने त्यात हयातभर राहण्याचा हक्क. तिच्या औषधपाण्याची तजवीज.

७) कारखान्याचे शेअर, ठेवी, बँक खाती, सोने-नाणे, गुरेढोरे.

८) 'याखेरीज जी काही मालमत्ता माझ्या नावे निघेल ती' अमक्याला, ही शेवटची ओळ.

९) व्यवस्था पाहणारा माणूस. शक्यतो घरात ज्याचे सगळे ऐकतात असा.

एखाद्या वारसाला कमी दिले किंवा काही दिले नाही, तर त्याचे कारण दोन ओळींत लिहावे. बायकोला किंवा एखाद्या लेकराला कारण न देता वगळलेले असले, की कोर्टाच्या मनात पहिला संशय तेथेच येतो. ज्याला सर्वांत जास्त मिळायचे, त्यानेच धावपळ करून कागद लिहवून घेतला असेल तर दुसरा संशय येतो. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल किंवा वडिलोपार्जित हिश्शाचा गुंता असेल, तर आधी वकिलांचा सल्ला घ्यावा. हा खर्च पुढच्या कोर्टखर्चापुढे काहीच नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

आमच्या शेअर विभागाचा रोजचा अनुभव असा की, नामनिर्देशनाचा फॉर्म भरला म्हणजे वारसाचे काम झाले, असे सभासद समजतात. फॉर्म जरूर भरावा. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद वारल्यावर संस्था नामनिर्देशित व्यक्तीकडे पाहते, त्यामुळे काम लवकर होते. पण त्याचा अर्थ ती व्यक्ती बाकीच्यांना बाजूला सारून मालक झाली, असा नाही. सहकारी संस्थेने शेअर नामनिर्देशिताच्या नावे करून दिले, तरी मालकीचा वाद इतर वारसांना न्यायालयात चालविता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे.

ज्यांचे 'कालनिर्णय' आपल्या भिंतीवर टांगलेले असते, ते जयंतराव साळगावकर २०१३ साली वारले. त्यांनी मृत्युपत्र केलेले होते, आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनी म्हणून वेगळी नावे होती. मग ती गुंतवणूक नॉमिनीची, की वारसाहक्काने वाटायची, असा प्रश्न निघाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला : शेअर व म्युच्युअल फंडाचा नॉमिनी केवळ नॉमिनी आहे म्हणून मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदा आणि मृत्युपत्र हेच मालकी ठरवितात. तेव्हा फॉर्मवरचे नाव आणि मृत्युपत्रातील नाव यांचा मेळ घालून ठेवावा.

भगिनींनी आणि मुस्लिम बांधवांनी

ज्या भगिनींच्या नावे शेअर किंवा वावर आहे, त्यांनीही मृत्युपत्र करावे. स्त्री कागद न करता वारली, तर तिच्या मालमत्तेचे पहिले वारस मुलगे, मुली आणि पती. मूलबाळ व पती नसतील, तर तिने स्वतः कमावलेले तिच्या आईवडिलांकडे न जाता आधी पतीच्या वारसांकडे जाते. माहेरून वारशाने आलेले तेवढे वडिलांच्या वारसांकडे परत जाते. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा होऊन सासरहून बाहेर काढलेल्या, माहेरच्या आधाराने शिकून नोकरी केलेल्या एका बाईची सगळी पुंजी अखेर सासरच्या मंडळींना मिळाली, असा निकाल २००९ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. तिने एक कागद केला असता तर हे टळले असते.

मुस्लिम सभासदांना वसीयतीचा नियम वेगळा आहे. दफनविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एकतृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. त्याहून जास्त द्यायचे किंवा वारसांपैकीच कोणाला द्यायचे, तर सुन्नी मंडळींत इतर वारसांची संमती लागते. आपल्या जाणत्या मंडळींना व वकिलांना विचारून ती करावी.

गेल्यानंतर

मृत्युपत्र पेटीत पडून राहिले तर काय उपयोग? ते कोठे ठेवले आहे, हे निदान दोघांना माहीत असावे. माणूस गेल्यावर मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी. फेरफार झाला की सातबाऱ्याला नाव लागते. कोणी हरकत घेतली तर महसूल अधिकारी सुनावणी करतात. पण नुसत्या फेरफाराने मालकी ठरत नाही, ती वेळ आल्यास दिवाणी कोर्टच ठरविते. कागद स्वच्छ असला की बहुधा ती वेळ येत नाही.

आमचे शेवटचे सांगणे असे की, लिहिण्याआधी एकदा सगळ्यांना एकत्र बसवावे. लेकींनाही बोलवावे. 'माह्या मनात असं असं हाय' हे सर्वांच्या तोंडावर एकाच शब्दांत सांगावे. कोणी रुसेल, कोणी उठून जाईल. पण आपण जिवंत असताना रुसलेल्याची समजूत काढता येते.

बैठकीत ज्यांनी आमची थट्टा केली, ते सभासद परवा ऊसनोंदीला आले होते. काम झाल्यावर जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "साहेब, त्या कागदाले साक्षीदार किती लागतात म्हणले होते?" आम्ही सांगितले, दोन. तुम्हीही विचारा. संकोच करू नका.